गरमीचा काटा

तात्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवरून त्रेचाळीस काटे तुमच्याकडे बघायचे. मी मोजले होते. मी शाळेत चित्रकला शिकवतो. एका रांगेत गोल दिसले की मोजल्याशिवाय मला राहवत नाही. ट्रकांचे मीटर, ट्रॅक्टरांचे मीटर, एक रोडरोलरचा, आणि एक, तात्यांच्या म्हणण्यानुसार, उजनीच्या पाण्यात बुडालेल्या लाँचचा. काचा पिवळ्या पडलेल्या, आकडे पुसट झालेले. सगळे एकाच तांब्याच्या नळीला द्राक्षांसारखे लगडलेले आणि नळीचं टोक एका हातपंपात गेलेलं.

गिऱ्हाईक नवं असलं की तात्या काही न बोलता पंपाचा दांडा दाबायचे. त्रेचाळीस काटे एकदम उठायचे. वर्गात हेडमास्तर आल्यावर पोरं उठतात ना, तसे. काही झटकन, काही आळोखेपिळोखे देत, आणि शेवटच्या बाकावरचे दोघे तर उठायचेच नाहीत. मग तात्या दांडा सोडायचे आणि काटे हळूहळू खाली बसायचे. ते खाली बसणं बघण्यासारखं असायचं. बाहेर इंदापूरचा हायवे दुपारच्या उन्हात वाहत असायचा, आत पत्रा तापून टकटक वाजत असायचा, आणि ते काटे असे उतरायचे की बघणाऱ्याच्या पापण्याही त्यांच्याबरोबर उतरत. मी एकदा तिथल्या बाकड्यावर बसल्या बसल्या झोपलो होतो. जागा झालो तेव्हा तात्यांनी माझ्या मांडीवर एक मीटर ठेवला होता. काटा शून्यावर होता. म्हणाले, "मास्तर, तुमचा दाब गेला व्हता."

तात्यांचा धंदा एकच. डिझेलच्या गाड्यांना मीटर बसवायचे. शेडला पाटी नव्हती. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. ड्रायव्हर लोक त्यांना काटेवाले तात्या म्हणायचे आणि सोलापूरकडून येणारे ट्रक कुणाला न विचारता तिथं वळायचे. आता ती शेड नाही. तात्या बावड्याला लेकीकडे असतात आणि तिथल्या कुकरच्या शिटीवर अविश्वास दाखवतात असं ऐकतो. पण मी सांगतोय ती गोष्ट शेड होती तेव्हाची, म्हणजे फार जुनी नव्हे.

तात्यांच्या जगात काटे दोन जातींचे होते. नळीचा आणि वायरचा. नळीचा म्हणजे इंजिनातून एक बारीक नळी थेट ड्रायव्हरच्या पुढ्यात येते. तेलाचा काटा असेल तर खरं तेल त्या नळीतून काट्यापर्यंत चालत येतं. गरमीचा असेल तर इंजिनाच्या पाण्यात एक पितळी कांडी बुडालेली असते, आणि ती तापली की नळीतला दाब काट्याला ढकलतो. मध्ये कुणी नाही. वायरच्या जातीत इंजिनावर एक सेन्सर बसतो आणि तो वायरीवरून काट्याला कळवतो. तात्यांना हे कळवणं मान्य नव्हतं; वायरला ते निरोप्या म्हणायचे.

"डॉक्टर नाडी सोता हात लावून बघतोय," ते म्हणायचे, "का शेजारणीला इचारतोय, ह्याला ताप हाय का म्हणून?"

त्यांच्या डाव्या पायावर भाजल्याचा मोठा चट्टा होता. पूर्वी ते स्वतः ट्रक चालवायचे. एकदा चालत्या गाडीत तेलाची नळी फुटली आणि उकळतं तेल पायावर आलं. हा नळीच्या काट्याचाच अवगुण, वायरीतून काय तेल येणार आहे, असं कुणी सुनावलं तर तात्या अभिमानानं चट्टा दाखवायचे. इंजिनात काहीतरी बिनसलंय हे त्यांना जितक्या लवकर कळलं तितक्या लवकर जगात कुणाला कळलं नसेल, असा त्यांचा दावा होता. मी त्यांना सांगितलं होतं की चट्ट्याचा आकार इंदापूर तालुक्याच्या नकाशासारखा आहे. त्यांनी पाय वळवून बराच वेळ पाहिलं आणि करंगळीजवळ बोट टेकवून म्हणाले, बावडा हितं.

तेव्हापासून गाडीत बसताना ते चप्पल काढायचे. अनवाणी पाय केबिनच्या पत्र्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर गाडीची गरमी सांगायचे. दोन-चार अंशांचा फरक पडला तर चूक काट्याची, हे ठरलेलं.

शेडमध्ये चोवीस तास स्टोव्हवर किटली असायची. नवा मीटर आला की त्याची कांडी किटलीत बुडवायची आणि काटा शंभरापर्यंत चढतो का ते बघायचं. किटलीत चहा असायचा. एका दगडात दोन पक्षी म्हणून पाणी वेगळं तापवणं त्यांना पटत नसे. चहाला पितळेची चव असायची आणि कधीकधी त्यात डिझेलचा मंद सुवासही. बाहेरगावचे ड्रायव्हर तो चहा डोळे मिटून पीत. भक्तीनं मिटत की भीतीनं, ते मला कधी कळलं नाही.

बावड्याचे एक गाडीमालक होते. त्यांना केबिन विमानासारखी दिसायला हवी होती. सात मीटर पाहिजेत म्हणाले. तेल, गरमी, हवा, बॅटरी, डिझेल, वेग; सहावर गाडी संपली. मोजायला सातवं काही उरलं नाही. तात्यांनी निमूटपणे सातवा मीटर बसवला आणि कशालाच जोडला नाही. हा कसला, असं मालकांनी विचारलं तेव्हा गाडीच्या मनाचा आहे म्हणाले. तीन महिन्यांनी मालक काळजीत पडून आले. सातवा काटा जरा खाली आलाय. तात्यांनी उपरण्यानं काच पुसली आणि हळूच विचारलं की घरी काही वाद झालाय का. मालक बाकड्यावर बसले ते दीड तास बोलत बसले. धाकट्या भावाशी बांधावरून अबोला होता. दिवाळीला त्यांनी दोन डझन पेरू पाठवले, काटा वर आल्याचा निरोपही पाठवला.

मी तात्यांना छेडलं की तेल खोटं बोलत नाही म्हणता, मग हे काय. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि त्यातलाच एक पेरू माझ्या हातावर ठेवला.

तर आमच्या वहिनी.

आम्ही पिंपळीचे. भाजीपाल्याचा मळा, आणि माल बाजाराला न्यायला घरचा ट्रक. तो दादा चालवायचा. त्या गाडीत गरमीचा काटा नळीचा होता आणि तो तात्यांनीच बसवलेला. पण आमच्या गाडीची केबिन पुढे ओणवी होणारी. इंजिनाचं काम निघालं की केबिन पुढे कलवायची, झालं की मागे. प्रत्येक वेळी नळी वाकायची, आणि एक दिवस आतून मोडली. काटा मेला. दादानं पुढची दोन वर्षं अंदाजावर गाडी हाकली, आणि एका मे महिन्यात इंजिन उकळून जागेवर बसलं. त्याच साली दादाची पाठही बसली. डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंग वर्ज्य केलं.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, इंजिन नवं करून घेतलं आणि गाडी विकायला काढली. तेव्हा वहिनी जेवणं वाढता वाढता म्हणाल्या की गाडी मी चालवते. ट्रॅक्टर त्या आधीच चालवायच्या. बारामतीला जाऊन त्यांनी मोठ्या गाडीचं लायसन काढलं होतं हे त्या रात्री ताटावर सगळ्यांना कळलं. आबा भात कालवत राहिले. मग त्यांनी अट घातली: इंजिन पुन्हा तापून बसलं, तर त्या दिवशी किल्ली माझ्याकडे, गाडी बाजारात, आणि कुणी एक शब्द बोलायचा नाही. वहिनींनी मान डोलावली. त्यांना ती गाडी किती हवी होती हे मला तेव्हा कळलं. त्यांनी माझ्या ताटात आमटी दोनदा वाढली.

पहिलं काम म्हणजे गरमीचा काटा. मी बरोबर गेलो. तात्यांनी गाडी ओळखली. मोडलेली नळी हातात घेऊन ती बोटांत फिरवत राहिले. मग चप्पल काढून केबिनमध्ये चढले. त्यांची रीतच होती. काटा गाडी बघून नाही, ड्रायव्हर बघून ठरवायचा. वहिनींनी बावड्याच्या रस्त्यानं गाडी घेतली. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते, वाऱ्यानं ते पांढरे तुरे एका दिशेनं कलत होते, तात्या डोळे मिटून बसले होते, आणि मला सारखं वाटत होतं की गाडी उभी आहे आणि ऊसच मागे चाललाय.

परत आल्यावर म्हणाले, "हिला वायरचा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. वहिनींनी विचारलं, "तात्या, तुमी तर वायरला निरोप्या म्हणता. मग मलाच का निरोप्या?"

"ताई, ही केबिन रोज मान खाली घालणार," तात्या म्हणाले. "नळी पुन्हा मोडंल. एकदा मोडली तेवढी बास."

वायरचा काटा कसा बसवायचा हे समोरच्या गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियन सांगू शकला असता. त्याला विचारायला जाणं म्हणजे तात्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवरचे त्रेचाळीस काटे उतरवण्यासारखं होतं. ते गेले नाहीत. त्यांनी नवा सेन्सर किटलीत बुडवला, वायरी धरल्या, काटा डौलात शंभरावर गेला. आता इंजिनात बसवायचा. आयुष्यभर त्यांनी एक गोष्ट नेमानं केली होती: नळीच्या काट्याची कांडी बसवताना आट्यांवरून पाणी पाझरू नये म्हणून पांढरी टेप गुंडाळायची. सात वेढे. "लग्नागत," ते पुटपुटायचे, "सुटायचं न्हाय." त्या दिवशीही त्यांनी सात वेढे मोजून दिले आणि सेन्सर पिळून बसवला. इंजिन गार पडलं होतं, काटा थंडावर होता. गाडी तापवून बघूया असं ते म्हणाले, पण मला शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे होते. घाई मी केली. हे इथं कबूल करून ठेवतो.

पुढचे पंधरा दिवस घरात आनंद होता. वहिनी भरली गाडी इंदापूरला नेत, बारामतीला नेत, आणि येऊन सांगत की काटा थंडावरून हलत नाही. नवं इंजिन, नवा काटा, वहिनींचा हात. गाडी जणू सावलीतून चालत होती. एका सुट्टीच्या दिवशी आबांनी धोतर बदललं आणि सांगितलं की आज मीही गाडीत येतो, बघतो कशी चालवतेस. वहिनींनी सकाळी रेडिएटरचं पाणी पाहिलं, टोमॅटोची क्रेटं मोजून घेतली, आणि सासऱ्यांना शेजारी बसवून इंदापूरच्या बाजाराला निघायची तयारी केली.

मी मात्र आधीच मोटारसायकलवर पुढे निघालो होतो. तात्यांना पेढे द्यायचे होते. शेडमध्ये पोहोचलो, पेढे दिले आणि रंगवून रंगवून सांगितलं की तुमचा वायरचा काटा म्हणजे चमत्कार, पंधरा दिवसांत एकदाही हलला नाही.

तात्या चहा ओतत होते. कप भरला, बशी भरली, चहा बाकड्यावरून खाली सांडायला लागला तरी हात थांबला नाही.

"भरल्या गाडीला?" त्यांनी विचारलं. "भर उनात? हालला न्हाय म्हंजे किती हालला न्हाय?"

अजिबात नाही, मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझ्याही ध्यानात आलं. चालतं इंजिन थंड कसं राहील? इतकं साधं होतं ते. पंधरा दिवस आम्ही सगळे एका झोपलेल्या काट्याचं कौतुक करत होतो.

वहिनी गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. आबांकडे फोन नसतो. तात्या अनवाणीच माझ्या मागे बसले आणि आम्ही बारामतीच्या रस्त्याला लागलो. निमगावच्या पुढे रस्ता सरळ होतो. तिथं उन्हानं डांबरावर पाण्यासारखी झिलई धरली होती. आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. बराच वेळ काही आलं नाही. मग त्या झिलईतून आमची गाडी वर आली. आधी फक्त कपाळ, मग काच, मग चाकं नसल्यासारखी तरंगत. तात्या रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले.

गाडी थांबली. तात्या केबिनच्या पायरीवर चढले, एक पाय आत टेकवला आणि लगेच काढून घेतला.

"बंद कर, ताई."

पाण्याच्या एका पाइपला केसाएवढी चीर गेली होती. ती त्याच दिवसाची असावी. रेडिएटर निम्म्याहून रिकामा होता, हे अर्ध्या तासानं, इंजिन निवल्यावर कळलं. तोवर तात्यांनी कुणाला झाकणाला हात लावू दिला नाही. त्या अर्ध्या तासात आबांनी एवढंच विचारलं की काटा बघत नव्हतीस का. वहिनी म्हणाल्या, बघत होते आबा, थंडावर होता. आबांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा वाफाळणाऱ्या इंजिनाकडे. दादाही असंच काहीतरी म्हणाला होता. त्यांनी हात पुढे केला. वहिनींनी किल्ली काढून त्या हातावर ठेवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उसाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

केबिन पुढे कलवून तात्या इंजिनावर वाकले होते. मी पाना धरून शेजारी होतो. त्यांनी सेन्सर बाहेर काढला. आट्यांवर पांढरी टेप घट्ट बसली होती. तात्यांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. वायरच्या जातीचा सेन्सर आट्यांतूनच इंजिनाच्या लोखंडाला टेकतो. तो टेकला तरच वीज फिरते आणि काटा हलतो. सात वेढ्यांनी तो लोखंडापासून तोडला होता. टेप खरवडून सेन्सर परत बसवला असता, चिरलेला पाइप बांधला असता, तर कुणाला काहीही कळलं नसतं. पाइप फुटला, नशीब वाईट, एवढंच उरलं असतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातला पाना पुसत राहिलो. मला बोलायला हवं होतं का, हे अजूनही ठरत नाही.

त्यांनी टेप उलगडायला सुरुवात केली. एकेक वेढा, सावकाश. मग ती लांबलचक पांढरी पट्टी हातात घेऊन आबांपुढे जाऊन उभे राहिले.

"आबासाहेब, काटा खोटं बोलत व्हता. त्याला मी शिकिवलं. पोरगी खरं सांगतीया." त्यांनी पट्टी पुढे धरली. "आन् पैल्या इंजनाची नळीबी माझीच व्हती. ह्या गाडीला ती चालायची न्हाय, हे मला तवाच कळत व्हतं. वायरचा बसवायला हात धजला न्हाय."

आबांनी पट्टी हातात घेतली. बोटाला गुंडाळली, सोडली. वहिनी वळल्या नव्हत्या, पण त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की ऐकताहेत.

मग कामाला लागलो. मी निमगावातून पाइप आणला, पाणी आणलं. तात्यांनी उघडा सेन्सर नुसताच पिळून बसवला. केबिन मागे झाली. आबा वहिनींपाशी गेले, किल्ली धोतराला पुसली आणि त्यांच्या हातात दिली. गाडी सुरू झाली. थोड्या वेळानं काटा जागेवरून सुटला, अंग मोडत वर आला आणि मध्यावर येऊन थांबला. वहिनी नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. पंधरा दिवसांनी तो पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होता.

तात्या गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन चाकावर पाय देऊन वर चढायला लागले. आबा म्हणाले, पुढं बसा की.

"न्हाय आबासाहेब. आज पुढं बसायचं त्वांड न्हाय मला."

आबांनी पुढच्या दाराला लावलेला हात काढला. मग त्यांनी धोतराचा काचा मारला आणि चाकावर पाय ठेवला. मी धावलो; ऊन आहे, तुम्ही तरी पुढे बसा म्हणालो.

"पुढं काय काम हाय माझं?" आबा म्हणाले आणि वर चढले.

गाडी निघाली. मी मोटारसायकलवर मागोमाग. टोमॅटोच्या क्रेटांवर दोन म्हातारे पाय सोडून बसले होते. आबांनी उपरणं दोघांच्या डोक्यावर धरलं होतं. तात्या काहीतरी सांगत होते, हातवारे करत होते, आबा हसत होते की उन्हानं डोळे बारीक करत होते ते मला लांबून कळेना. पुढे रस्ता पुन्हा चकाकायला लागला. गाडी त्या चकाकीत शिरली, हलकी झाली, डोलायला लागली. वहिनी केबिनमध्ये एकट्या होत्या.